आभासी सृष्टीचीं दोन द्वारें

डोळ्यांना फसविण्याची कला मनुष्याला नवी नाहीं. चार्लस् व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं एकाच वस्तूचीं किंचित् निरनिराळीं दोन चित्रें आरशांच्या साह्यानें दोन डोळ्यांपुढें मांडलीं, आणि सपाट कागदावरील आकृति पाहणाऱ्याला भरीव दिसूं लागली. आजचे आभासी वास्तवाचे खेळ याच तत्त्वावर उभे आहेत. भेद इतकाच कीं, पाहणाऱ्यानें मान वळविली म्हणजे आतां समोरचें दृश्यहि वळतें. डोक्यावर चढविण्याचें असें यंत्र अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं करून दाखविलें. परंतु सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यांत तें खऱ्या अर्थानें शिरलें २०१६ सालानंतर.

त्या एका वर्षांत तीन प्रमुख हेडसेट बाजारांत आले. ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह हे घरगुती संगणकाला जोडावयाचे. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन व्हीआर हा प्लेस्टेशन ४ या कन्सोलला, म्हणजे मुख्यतः खेळांसाठींच बनविलेल्या तयार यंत्राला जोडावयाचा. अमेरिकेंत त्यांच्या किंमती आरंभीं अनुक्रमें ५९९, ७९९ व ३९९ डॉलर होत्या. सोनीच्या हेडसेटला लागणारा कॅमेरा वेगळा घ्यावा लागे, तो धरूनहि कन्सोलचाच मार्ग स्वस्त पडे; कारण दुसऱ्या बाजूला वेगवान ग्राफिक्स कार्ड असलेला महागडा संगणक लागे. परंतु विचार किंमतीपाशीं थांबवून चालत नाहीं.

हे खेळ इतकें वेगवान यंत्र कां मागतात? साध्या पडद्यावरील चित्र क्षणभर अडखळलें, तर खेळणारा चिडतो एवढेंच. येथें मात्र शरीरच तक्रार करतें. मान वळल्याची वार्ता कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय मेंदूला देतें; त्याच क्षणीं दृश्य वळलें नाहीं, तर डोळे व कान यांच्या साक्षींत विरोध येतो आणि बोट लागावी तशी मळमळ सुरू होते. सेकंदाला ९० चित्रें दाखवावयाचीं, तर एकेक चित्र सुमारें ११ सहस्रांश सेकंदांत तयार झालें पाहिजे, आणि तेंहि प्रत्येक डोळ्यासाठीं वेगळें.

ही अडचण दोन्ही पक्षांनीं आपापल्या परीनें सोडविली. प्लेस्टेशन ४ हें कांहीं फार बलवान यंत्र नव्हतें. पण त्याच्या ठराविक नमुन्याचें अंतरंग घरोघर एकच असल्यामुळें खेळ रचणाराला त्याची शक्ति आधींच ठाऊक असे. सेकंदाला ६० चित्रें खेळानें द्यावीं, आणि मानेची नवी स्थिति पाहून यंत्रानें तीं सुधारून १२० करावीं, अशी युक्ति तेथें योजली गेली. संगणकाच्या जगांत अशी एकरूपता नाहीं. एकच खेळ एका घरीं सुरळीत चालतो, दुसऱ्या घरीं अडखळतो. योग्य ती जुळणी मालकानेंच करावयाची. त्याच्या मोबदल्यांत मर्यादाहि पुढें सरकते. व्हॉल्व्ह कंपनीचा २०१९ सालचा इंडेक्स हा हेडसेट सेकंदाला १४४ चित्रांपर्यंत जाऊं शकतो, आणि याच कंपनीनें ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ हा गाजलेला खेळ २०२० सालीं संगणकासाठींच प्रसिद्ध केला.

उलटपक्षीं, एका हाताखालीं सर्व सूत्रें असण्याचा लाभ सोनीच्या २०२३ सालच्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्यें दिसतो. खेळणाऱ्याची नजर कोठें आहे हें तो ओळखतो. मग प्लेस्टेशन ५ तेवढाच भाग बारकाईनें रेखाटतें आणि बाकीचा ढोबळपणें काढून श्रम वाचवितें. हाच हेडसेट संगणकाला जोडण्याचें साधन सोनीनें २०२४ सालीं विक्रीस आणलें. पण त्या जोडणींत नजर ओळखण्याची सोय मिळाली नाहीं. वस्तु तीच, घर बदलतांच तिचा एक गुण हरपला.

‘बीट सेबर’ हा प्राग शहरांत जन्मलेला खेळ २०१८ सालीं दोन्हीकडे आला. संगीताच्या ठेक्यावर धांवून येणारे ठोकळे प्रकाशाच्या तलवारींनीं छेदावयाचे, असें त्याचें स्वरूप. संगणकावर खेळणाऱ्यांनीं आपल्या आवडीचीं गाणीं स्वतः बसवून त्यांत घातलीं. कन्सोलवर निर्मात्यांनीं दिलेल्या गाण्यांवरच समाधान मानावें लागलें.

स्वामित्वाचा खरा प्रश्न येथेंच उभा राहतो. प्लेस्टेशन व्हीआरचे खेळ व्हीआर २ वर आपोआप चालत नाहींत; निर्मात्यानें ते नव्यानें सिद्ध केले तरच चालतात. म्हणून संगणकाचा मालक सर्वस्वी निर्धास्त, असेंहि नव्हे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी ही योजना बंद करण्याचें २०२३ च्या डिसेंबरांत जाहीर केलें. पुढील वर्षीं विंडोज ११ च्या नव्या आवृत्तींतून ती वगळली, आणि त्या आवृत्तीवर चांगले धडधाकट हेडसेट निरुपयोगी झाले. पण पुढें २०२५ सालीं एका जाणकारानें स्वतंत्रपणें केलेल्या मोफत प्रणालीमुळें, ठराविक ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकांवर ते पुन्हां चालूं लागले. बंद पडलेलें दार एका माणसाला स्वतंत्रपणें उघडतां आलें, हाच संगणकाच्या मोकळेपणाचा मोठा गुण होय.

तेव्हां ज्या घरांत यंत्र अनेकांनीं वापरावयाचें आहे आणि जुळणीची खटपट कोणालाच नको आहे, तेथें कन्सोल सोयीचा. जेथें एखाद्याला यंत्राच्या अंतरंगांत शिरण्याची हौस व सवड आहे, तेथें संगणकावरील खर्च सार्थकीं लागतो. दोन्हीकडे पथ्य मात्र सारखेंच. डोळे झांकलेले असतांना मेजाचा कोपरा दिसत नाहीं, म्हणून भोंवतालची जागा मोकळी असावी. मळमळ वाटतांच खेळ थांबवावा. आणि सोनीनेंच आपले हेडसेट बारा वर्षांखालील मुलांसाठीं नाहींत असें बजावलेलें आहे, तें विसरूं नये. राहतां राहिली खरेदी. दुकानदाराला किंमत विचारतांना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : कंपनीनें उद्यां हात आंखडला, तर आज घेतलेल्या या खेळांपैकीं किती आपल्या हातीं राहतील?