शिंदीलाही जागा देऊ या
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त फाटकाजवळ आणखी रॉयल पाम लावायचं चाललंय. झाड ऐटदार खरं, पण मूळचं क्युबाकडचं. आपल्या मातीतला पाम पाहायचा तर कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात जावं. 1986 साली अभयारण्य झालेल्या या डोंगरांत ओढ्याकाठी शिंदी आपसूक उगवते. खजुराची ही रानातली बहीण. तिची पिकली फळं दिवसा पाखरं खातात, रात्री उदमांजर. बियाही तेच दूर नेऊन टाकतात. झावळ्यांना सुगरणी खोपे बांधतात. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजतो ती केरसुणीसुद्धा शिंदीच्याच पानांची.

शहरातले नाले बांधून काढले, तसे शिंदीचे काठ गेले. म्हणून सुचवतो, मागच्या कुंपणापाशी शिंदीची चार-पाच रोपं लावू या. पानांच्या बुडाशी काटे असतात, तेव्हा मुलांच्या खेळण्याची जागा सोडून. एकच लावून भागायचं नाही. शिंदीत नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं. दोन्ही असतील तरच फळ धरेल. वाढायला वेळ घेते, पण बँकेच्या भाषेत ही दीर्घ मुदतीची ठेव आहे. व्याज नातवंडं आणि पाखरं घेतील.