लोहाची पेरणी
मंडळी, आम्ही पेडणे-डिचोलीकडची माणसं. लोह म्हटलं की खाणींची लाल धूळ आठवते. पण आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००९ साली जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात लोह पेरलं होतं. प्रयोगाचं नाव ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोह’ आपलाच!

लोह मिळालं की समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती फोफावतात, कार्बन शोषतात, तो घेऊन तळाशी जातात, अशी ही कल्पना. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात पेरणी झाली. पीक आलंही, पण पाण्यात सिलिका कमी, म्हणून कवचवाले डायाटम वाढेनात आणि उरलेलं इवल्या कोपेपॉडांनी फस्त केलं. कार्बन फारसा खोल गेलाच नाही.

आम्ही म्हणतो, बरं झालं. गेला असता तर खाली कुजताना तिथला प्राणवायू संपवत गेला असता. खाणीची माती पावसात शेतात उतरली तेव्हा निदान शेतकरी ओरडला. हजारो मीटर खाली ओरडणार कोण?

पेरणीआधी पर्यावरणवाद्यांच्या हरकतींमुळे जर्मन सरकारने प्रयोग थांबवून फेरतपासणी करवली होती. काहींना ती अडवणूक वाटली. आम्हाला नाही.