वाया गेलेला प्रकाश



आपल्या विज्ञान मंडळापुढे मी जे बोललो, तेच थोडे आटोपशीर करून येथे देत आहे. माझी पदवी कलाशाखेची, आणि वर्गात मी इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तराने सिंक्रोट्रॉन प्रारणावर कशासाठी बोलावे, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. परंतु या प्रकाशाने हजार वर्षांपूर्वीची पुसलेली अक्षरे वाचून दाखवली आहेत. तेव्हा विषयावर थोडा हक्क आमचाही आहे.

प्रथम हा प्रकाश म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात मडगार्ड नसलेली सायकल जोरात चालवा. चाक गोल फिरते, पण त्याला लागलेला चिखल सरळ रेषेत सुटतो आणि सदऱ्याची पाठ रंगवतो. इलेक्ट्रॉन या अत्यंत हलक्या विद्युतभारित कणाचे काहीसे असेच होते. निर्वात नळीतून त्याला जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवले आणि प्रबळ चुंबकांनी त्याची वाट वळवली, की प्रत्येक वळणावर त्याच्यापासून प्रकाश निघतो. तो बारीक झोताच्या रूपाने, वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेने समोर सुटतो. उपमा मात्र येथेच थांबवावी. चिखल चाकाला बाहेरून लागलेला असतो. हा प्रकाश इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या ऊर्जेतून निघतो. त्यामुळे दर फेरीत त्याची ऊर्जा घटते व ती पुन्हा भरून द्यावी लागते.

म्हणूनच आरंभी शास्त्रज्ञांना हा प्रकाश नकोसा होता. त्यांना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढवायची होती, आणि येथे तर ती गळत होती. 1944 साली इव्हानेंको आणि पोमेरांचुक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या गळतीमुळे बीटाट्रॉन नावाच्या यंत्राच्या शक्तीला मर्यादा पडेल. पुढे एप्रिल 1947 मध्ये अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत, हा प्रकाश प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला. तेथील सिंक्रोट्रॉनची नळी काचेची होती. नळीत ठिणग्या पडतात की काय, हे पाहण्यासाठी एका तंत्रज्ञाने संरक्षक भिंतीआडून आरशात पाहिले, तर आत तेजस्वी प्रकाश! यंत्रावरून त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण हे नाव मिळाले.

गळती ती गळतीच. पण काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. जो प्रकाश वाया जातो, तोच कामाला लावला तर? कणांवर प्रयोग करणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या कडेला जागा मागून त्यांनी आपली उपकरणे मांडली. 1968 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे टँटॅलस नावाचे वलय केवळ या प्रकाशासाठी वापरात आले. आज जगभर अशी डझनावारी केंद्रे आहेत.

या प्रकाशात एवढे काय आहे? तो अतिशय तेजस्वी आणि रेखीव असतो. शिवाय अवरक्त किरणांपासून क्ष-किरणांपर्यंत त्याची व्याप्ती असते. त्यातून हवी ती तरंगलांबी निवडून घेता येते.

त्याचे दोनच उपयोग सांगतो. पहिला आमच्या विषयातला. आर्किमिडीजच्या ग्रंथांची चर्मपत्रावरील एक ग्रीक प्रत दहाव्या शतकात लिहिली गेली. तेराव्या शतकात कोणी तरी तिची शाई खरवडून काढली आणि त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या. उर्दू शाळेतील मुले पूर्वी लाकडी तख्ती धुऊन, मुलतानी माती फासून पुन्हा लिहीत, तसाच हा प्रकार. विसाव्या शतकात तर काही पानांवर चित्रेही रंगवली गेली. पण जुन्या शाईत लोह होते, आणि त्याचा अंश चर्मपत्रात मुरून राहिला होता. 2005 साली स्टॅनफर्ड येथे सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण या पानांवरून फिरवले. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या खास ओळखीचे किरण परत देते. लोहाने आपली ओळख दिली, आणि चित्राखालची अक्षरे पुन्हा दिसू लागली.

दुसरा उपयोग आरोग्याचा. आपल्या पेशींत प्रथिने तयार करणारे रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने असतात. रायबोसोमचे स्फटिक बनवून त्यांवर हे क्ष-किरण सोडले, आणि ते कसे विखुरतात यावरून अणूंची मांडणी शोधून काढली. या कामासाठी 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले. कित्येक प्रतिजैविके जंतूंच्या रायबोसोमवरच घाव घालतात. त्यामुळे नवी औषधे शोधताना हे ज्ञान मोलाचे ठरते.

आता एका जुन्या यंत्राची हकीकत ऐका. पश्चिम आशियात असे सामाईक केंद्र असावे, हा विचार मांडणाऱ्यांत नोबेल विजेते पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम हे होते. बर्लिनचे बेसी-1 हे सिंक्रोट्रॉन 1999 मध्ये बंद झाले. ते मोडीत न काढता जॉर्डनला देण्यात आले. युनेस्कोच्या आश्रयाखाली तेथे अल्लान या गावी सेसमी हे केंद्र उभे राहू लागले. अलीबाबाच्या गुहेचे दार ज्या तिळाच्या नावाने उघडते, त्या तिळाचेच हे इंग्रजी नाव. पैशाची चणचण कायमची. डिसेंबर 2013 मध्ये तर बर्फाच्या भाराने इमारतीचे छप्पर कोसळले. तरी काम थांबले नाही. मोठे वलय नवे बांधले. परंतु इलेक्ट्रॉनांना आरंभीची गती देण्याचे काम बर्लिनच्या त्या जुन्या यंत्राकडेच राहिले. मे 2017 मध्ये केंद्राचे उद्‌घाटन झाले, तेव्हा जॉर्डन, इजिप्त, इराण, इस्रायल, पॅलेस्टाइन, पाकिस्तान, तुर्कस्तान आणि सायप्रस असे आठ सदस्य होते. यांतील काहींचे एकमेकांशी राजनैतिक संबंधही नव्हते. तरीही त्यांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसले.

आपल्याला एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-1 आणि इंडस-2 ही दोन वलये आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी उभारली आहेत. पहिल्याचा परीघ सुमारे 19 मीटर, दुसऱ्याचा 172 मीटरहून थोडा अधिक. देशातील विद्यापीठांचे संशोधक तेथे अर्ज करतात, वेळ मिळवतात आणि आपले नमुने घेऊन जातात. तेथे भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, धातुशास्त्र अशा सर्वांचे काम चालते. आणि यंत्र अहोरात्र चालू ठेवण्यासाठी चुंबक, निर्वात पंप, वीज, संगणक सांभाळणारे कुशल हातही लागतात.

वाचकहो, "मुलगा वाया गेला" हे शब्द आपल्या घरांतून आणि शिक्षकांच्या खोलीतून फार सहज उच्चारले जातात. गणितात पस्तीस गुण मिळाले, की विज्ञानाचे दार बंद. मुलगी कलाशाखेला गेली, की प्रयोगशाळेशी तिचा संबंध संपला. ज्या प्रकाशाला जाणकारांनी तोटा म्हणून खर्ची टाकले होते, त्याच्यासाठीच पुढे देशोदेशींनी कोट्यवधी खर्चून यंत्रे बांधली. प्रकाश तोच होता; त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

म्हणून संस्थेच्या चालकांना आणि माझ्या सहकारी शिक्षकांना एकच विनंती करतो. पुढील वर्षी विज्ञान मंडळाची यादी कराल, तेव्हा गुणपत्रिका बाजूला ठेवा. तारा जोडणारा, सायकल दुरुस्त करणारा, जुनी पुस्तके चाळणारा, सतत प्रश्न विचारून आपल्याला त्रास देणारा, अशा प्रत्येकाचे नाव तीत घाला. कोण वाया गेला, हे ठरवण्याची घाई आपण करू नये.