नर्स व्हायचं राहिलं, म्हणून दहावीही सोडायची?



लहानपणी काय व्हायचं होतं असं विचारलं, की आपल्या गटांत "नर्स" हे उत्तर हमखास येतं. मग सातवी-आठवीत शाळा सुटलेली असते, आणि आता चाळिशी आलेली.

मी खोटी आशा दाखवणार नाही. एएनएम नर्सिंगला १२वी पास लागते आणि वय ३५ च्या आत. म्हणजे चाळिशीत ते दार बंद. वाईट वाटतं, वाटू द्या. 'जिद्द असली की सगळं होतं' असं भाषणात सांगणारे फॉर्म भरायला काही येत नाहीत!

पण नर्स होणं आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत. दहावीला बाहेरून बसता येतं, १७ नंबरचा फॉर्म भरून. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो माहेरच्या शाळेतून काढावा लागेल. त्यावर लग्नाआधीचं नाव असतं, त्या कागदपत्रांत वेळ जातो. गणित-इंग्रजी जड जाणार, हेही खरं. राहिलेला विषय पुरवणी परीक्षेला देता येतो. शेळीसाठी गटातून कर्ज घेतो, मग परीक्षेच्या फीसाठी का नको?

आणि मुलीला 'माझं राहिलेलं तू पूर्ण कर' म्हणण्याआधी तिला काय व्हायचंय ते विचारा तरी.

ज्यांना बसायचंय त्यांनी पुढच्या बैठकीला दाखला आणा. नसेल तर शाळेचं नाव आणि साल आठवून या, अर्ज आपण मिळून लिहू.