फॉर्म कोणाला भरता येतो?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण फ्रंट-एंडच्या कामाकडे वळणार आहेत. तुमच्या पोर्टफोलिओत सरकणारी चित्रं असतील, रिॲक्टमध्ये बांधलेलं एखादं ऑनलाइन दुकान असेल. त्या कौशल्याचं मोल आहेच. तरीही फ्रंट-एंड डेव्हलपरची पारख त्याच्या साध्यातल्या साध्या फॉर्मवरून करावी, असं माझं मत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती एका संगणकावरची माहिती दुसऱ्या कोणत्याही संगणकावर वाचता यावी म्हणून. १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुलं केलं. मोजक्याच लोकांना भरता येणारा फॉर्म या मूळ हेतूलाच हरताळ फासतो.

बटणाचंच बघा. एचटीएमएलचा बटन टॅग वापरला, की माउस न वापरणारा माणूस टॅब दाबत तिथवर पोहोचतो, एंटर किंवा स्पेसने ते दाबतो, आणि स्क्रीन रीडर त्याला नावासकट ‘बटण’ म्हणून वाचून दाखवतो. हे सगळं ब्राउझर आपणहून करतो. त्याऐवजी नुसत्या डिव्हला रंग, सावली आणि ऑनक्लिक दिलं, तर दिसायला ते हुबेहूब बटण होतं. पण टॅब त्याला ओलांडून पुढे जातो आणि दृष्टिहीन अर्जदाराचा अर्ज तिथेच अडतो. मराठीच्या बाबतीतही हीच हेळसांड होते. रोमन अक्षरांच्या मापाने लाइन-हाइट ठरवली, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली नाही, तर फॉन्टमध्ये सोय असूनही ल आणि श यांची मराठी वळणं उमटत नाहीत.

असे वापरकर्ते असतात तरी किती, क्लायंट हे मागतो कुठे, असं कुणी विचारेल. मागणी नसते हे खरं. पण ज्याला फॉर्म उघडताच परत फिरावं लागतं, त्याची तक्रार क्लायंटपर्यंत पोहोचणार कशी? ऑनलाइन ओळख पटवण्याच्या ई-केवायसी प्रक्रियेत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना आणि दृष्टिहीनांना अडवत होती. त्यांच्यातले काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि ही प्रक्रिया सुलभ करण्याचे आदेश दिले. शिवाय मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट ठेवा, हा डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला निकष मंद दृष्टीच्या माणसाइतकाच भर उन्हात मोबाइल पाहणाऱ्या शेतकऱ्याच्याही कामी येतो.

वेळ नसतो, ही सबब मात्र अर्धीच खरी. बांधून झालेली साइट नंतर दुरुस्त करणं महाग पडतं. पहिल्या ओळीपासून योग्य टॅग वापरायला फारसा जादा वेळ लागत नाही. कोड आता एआय लिहील, असंही तुम्ही ऐकाल. लिहू दे, पण त्याने दिलेलं बटण टॅबने सापडतं का, हे तपासण्याची जबाबदारी तुमचीच राहील.

नोकरीत पहिला फॉर्म हाती येईल, तेव्हा माउस बाजूला ठेवा आणि तो केवळ कीबोर्डवर भरून पाहा. जिथे अडाल, तिथून कामाला लागा.