चौदा ते अठरा

डिसेंबर २०२२मध्ये पुण्यात सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोघे जण कोयते घेऊन दिसेल त्याच्यावर धावून गेले. त्या प्रकाराची चित्रफीत मोबाइलवर फिरली आणि ‘कोयता गँग’ हे नाव घरोघरी पोहोचलं. पोलिसांनी धरपकड केली, कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला दुकानदारांना सांगितलं. नारळ सोलायचं, ऊस तोडायचं ते अवजार. त्याच्या मुठीवर मिसरूडही न फुटलेल्या पोरांचे हात दिसू लागले, हे सगळ्यात काळजीचं.

ही पोरं पैशासाठी टोळीत जातात असं सर्रास म्हटलं जातं. पण हाती लागतं किती? बिर्याणी, गाडीत पेट्रोल, फार तर एखादा मोबाइल. ओढ असते ती वट मिळवण्याची. रात्री बारा वाजता टोळीच्या भाईचा वाढदिवस चौकात साजरा होतो. बॉनेटवर ओळीने मांडलेले केक, ते कापायला तलवार, फटाके आणि भोवती उंच धरलेले मोबाइल. सकाळी वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ. शाळेच्या हजेरीपटावरून केव्हाच गळालेला मुलगा त्यात भाईच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. शिवाय दुसऱ्या एरियातल्यांनी हात टाकला तर ‘आपली पोरं’ येतील, हा भरवसा.

तो शाळेतून गळतो कधी, हे बघायला हवं. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत मुलाची जबाबदारी घेतो. पुढे आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी पास लागते. धोक्याची कामं अठराच्या आत बंद, आणि ते योग्यच आहे. पण शाळा सुटलेला नववीतला मुलगा दिवसभर करतो काय, हे विचारणारं सरकारी खातं नाही. विचारतो तो चौकातला भाई.

भाईला कायदाही पाठ असतो. निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढांप्रमाणे खटला चालू शकतो, अशी तरतूद २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. मात्र किमान सात वर्षांची शिक्षा नेमून दिलेली नसेल तर तो गुन्हा त्या वर्गात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. खुनाचा प्रयत्न त्यात बसत नाही. म्हणून वार करायला पोराला पुढे करायचं. त्याच कायद्याच्या कलम ८३ने मुलांना असं वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड ठेवला आहे. प्रत्येक कोयता प्रकरणात पोलिसांनी हे कलम आधी तपासावं, अशी मागणी नागरिकांनी लावून धरायला हवी.

आणि या मुलांची स्वप्नं? ती आपल्याच घरातल्या मुलांसारखी असतात: स्वतःचं गॅरेज, आईसाठी पक्कं घर, पोलीस किंवा लष्करातली भरती. पहाटे मैदानावर धावणाऱ्यांत आणि रात्री चौकात उभे राहणाऱ्यांत कधी कधी तीच पोरं असतात. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी आडवी येईल, ही त्यांची धास्ती. प्रौढ म्हणून खटला चाललेले सोडले, तर लहान वयातल्या गुन्ह्यामुळे कुठलीही अपात्रता येणार नाही, असं बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं. निरीक्षणगृहातून सुटणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला हे कलम मराठीत, कागदावर लिहून द्यायला एका दिवसाचंही काम नाही. सोबत शाळेबाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, तर पुढच्या मार्चपर्यंत त्याच्या हाताला काम राहील.