एका वेताचा हिशेब



 रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या आपल्या विषयाचे मुंबईशी जुने नाते आहे. 1896 साली इथे प्लेग उसळला. 10 जानेवारी 1897 रोजी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा आली. पुढे उंदरांवरच्या पिसवांचा मोठा अभ्यास याच शहरात झाला.

पिसवांची एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. मोठी पिसू रक्त पिते, तिच्या अळीला मात्र रक्त शोषता येत नाही. ती जमिनीवरच्या केरात वाढते. मांजरावरची मादी पिसू गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त पिऊन बरेचसे न पचवताच बाहेर टाकते. वाळलेले ते कण खाली पडतात आणि अळ्या त्यांवर पोसतात. आईच्या अन्नातले प्रथिन पिल्लांपर्यंत असे पोचते! आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीची तऱ्हा आणखी वेगळी. ती एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तीही दूध पाजून. ते दूध बनते रक्तातल्या प्रथिनांतून.

आता डासांकडे वळतो. मराठीत डास पुल्लिंगी असला तरी रक्त पिते ती मादीच. उडायला तिला फुलांचा गोड रस पुरतो. रक्त हवे असते ते अंड्यांसाठी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी एका बैठकीत दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके रक्त पिते. आतड्यात ट्रिप्सिन स्रवते, प्रथिने तुटून अमिनो आम्ले सुटी होतात. त्यांची चाहूल लागली, संप्रेरकांचा इशारा मिळाला, की मेदपिंडात व्हिटेलोजेनिन हे बलकाचे प्रथिन तयार होऊ लागते आणि अंड्यांत बलक भरू लागतो. तीनेक दिवसांत शंभराच्या आसपास अंडी!

मला सर्वांत विचारात पाडते ते आयसोल्युसिन. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये हे अमिनो आम्ल नाहीच, आणि रक्तातले बहुतेक प्रथिन तर हिमोग्लोबिनच. एक घटक अपुरा पडला की बाकीची प्रथिने कितीही असोत, अंड्यांची संख्या अडते. गिनीपिगच्या रक्तावर हीच मादी जास्त अंडी घालते. तरीही ती माणूसच शोधत येते आणि एका वेतात अनेकदा चावते. तिची ही ओढ वासाची किती आणि पोषणाची किती? डेंग्यूच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण चावा वाढला की विषाणूची संधीही वाढते.

धूरफवारणी आपण करतो, पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळतो, तो पाळलाच पाहिजे. पण डासाच्या मादीच्या आतड्यातली ही पचनक्रिया रोखता येईल का, याचा शोधही तेवढ्याच नेटाने व्हावा, असे मला कळकळीने वाटते. पावसाळ्यात तापाच्या वॉर्डात खाटा कमी पडताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही कळकळ समजेल.

परिषदेच्या या दोन दिवसांत तरुण संशोधकांना बोलायला भरपूर वेळ ठेवला आहे. ज्येष्ठांनी त्यांना प्रश्न विचारावेत, आणि जमेल तिथे मराठीतून विचारावेत. कारण मागच्या रांगांत आपले क्षेत्रीय कर्मचारी बसले आहेत, डबकी रोज तेच तपासतात.

आता मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.